शिवसागरावरचा तराफा आणि दहा घोडे

मुलांनो, साताऱ्याहून बामणोलीला जाणारी एस.टी. कासच्या पठारावरून जाते. सप्टेंबरात गेलात तर दोन्ही बाजूंना फुलंच फुलं. पण फुलं बघण्याच्या नादात पुढचा देखावा चुकवू नका. पठार संपतं, गाडी उताराला लागते, एक वळण येतं आणि डाव्या-उजव्या हाताला, डोंगरांच्या मध्ये, निळंशार पाणी पसरलेलं दिसतं. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, हा समुद्रच की काय! समुद्र नाही, ही कोयना नदी. म्हणजे कोयना धरणामागे अडलेलं तिचं पाणी. याला शिवसागर म्हणतात.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या डोंगर उतरल्या की पूर्वेची किंवा पश्चिमेची वाट धरतात. ही मात्र सह्याद्रीच्या कडेकडेने सरळ दक्षिणेला धावते. हेळवाकजवळ तिला काय वाटतं कोण जाणे, एकदम काटकोनात वळून ती पूर्वेला निघते आणि कऱ्हाडला कृष्णेला जाऊन मिळते. या वळणाच्या जरा वर, कोयनानगरला, धरण बांधलं. १९६४ साली ते पुरं झालं. उंची १०३ मीटर. इथलं पाणी बोगद्यांतून पलीकडे कोकणच्या बाजूला पोफळीकडे सोडतात आणि त्यावर वीज तयार होते. तुमच्या घरातला दिवा लागतो ना, त्यात या पाण्याचाही वाटा असू शकतो बरं का!

धरण भरलं की पाणी मागे सुमारे ५० किलोमीटरपर्यंत जातं. ते दरीदरीत शिरतं, ओढ्याओढ्यात शिरतं. नकाशात शिवसागर बघितलात तर तळ्यासारखा गोल दिसणार नाही. फांद्या फुटलेल्या झाडासारखा दिसेल. या पाण्याखाली पूर्वी गावं होती, भातखाचरं होती, देवळं होती आणि रस्तेही होते. पुष्कळ माणसं उठून दुसरीकडे गेली. काही मात्र डोंगरात वर सरकून तिथंच राहिली. त्यांना समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, हाक मारली तर शांत दिवशी ऐकूसुद्धा येते, पण जायचं म्हटलं तर पाणी ओलांडायचं, नाहीतर डोंगराला मोठा वळसा घालायचा.

मी शिकवते ती शाळा अशाच एका गावात, काठावर आहे. पलीकडच्या वाडीतून आमच्याकडे अठरा मुलं येतात. सगळ्यात लहान मुलगी दुसरीत, सगळ्यात मोठा मुलगा सातवीत. जायचा-यायचा रस्ता म्हणजे पाणी. भरल्या धरणात हे अंतर एक किलोमीटरच्या आसपास भरतं. मे महिन्यात पाणी खूप खाली जातं, तेव्हा ते निम्मंही राहत नाही. पण मग दोन्ही काठांना गुडघाभर चिखल तुडवावा लागतो.

पूर्वी ही मुलं लाकडी होडीतून यायची. वल्ही मारायला वाडीतलं कुणीतरी असायचं, आणि कुणी नसलं तर मोठी मुलंच वल्ही हातात घ्यायची. तुम्हाला नवल वाटेल, पण जावळी तालुक्यात हे काही नवलाचं नाही. खिरखंडी नावाच्या गावातल्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, अशी बातमी छापून आली होती. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची आपणहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. त्यानंतर आमच्या पलीकडच्या वाडीतही बैठका सुरू झाल्या. मुंबईला माथाडी कामगार म्हणून काम करणारी वाडीतली माणसं आहेत, त्यांनी वर्गणी काढली. ठरलं असं की मुलांसाठी तराफा करायचा आणि त्याला इंजिन बसवायचं.

तराफा म्हणजे काय? होडीला पोट असतं, तराफ्याला नसतं. खाली तरंगणारी पिंपं किंवा बंद नळ्या, आणि त्यांच्यावर सपाट फळ्यांची ओसरी. तापोळ्याला जीपगाड्या पाण्यापार नेण्यासाठी लोखंडी तराफा वापरतात, तो या भागात सगळ्यांच्या ओळखीचा. अमेरिकेत मिनेसोटा म्हणून तळ्यांचा मुलूख आहे. तिथे अँब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने १९५२ च्या सुमारास लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन लांब नळ्या केल्या आणि वर लाकडी ओटा ठोकला. लोक आधी हसले म्हणे. आज तिकडे अशा ‘पाँटून’ बोटी तळ्यातळ्यावर दिसतात. होडीत एकजण एका कडेला गेला की ती कलते. तराफा रुंद असल्यामुळे सहसा कलत नाही. मुलं म्हटली की जागेवर बसणार थोडीच!

वाडीच्या तराफ्याला निळी प्लॅस्टिकची सोळा पिंपं लावली. आठ या बाजूला, आठ त्या बाजूला. एकेक पिंप २०० लिटरचं. आता मी सातवीच्या मुलांना गणित घातलं, तेच तुम्हालाही घालते. रिकामी, झाकण घट्ट लावलेली बाटली बादलीत दाबून पाहा. हाताला ती वर ढकलते ना? एक लिटरची बाटली पूर्ण बुडवली तर ती साधारण एक किलोचा भार पेलते. त्यातून बाटलीचं स्वतःचं वजन तेवढं वजा. मग सोळा पिंपं किती पेलतील? ३,२०० किलो! मुलं टाळ्या वाजवायला लागली. पण थांबा. पिंपं पूर्ण बुडली म्हणजे फळ्यांवरून पाणी वाहणार. म्हणून नियम केला की पिंप निम्म्यापेक्षा जास्त बुडू द्यायचं नाही. राहिले १,६०० किलो. त्यात लोखंडी सांगाडा, फळ्या, वरचं पत्र्याचं छप्पर आणि पिंपं यांचे मिळून साडेसहाशे गेले. उरले साडेनऊशे. अठरा मुलं प्रत्येकी ३० किलो धरली तर ५४०. त्यांची दप्तरं सत्तरेक किलो (दप्तरं इतकी जड का, हा वेगळा विषय आहे). चालवणारा आणि सोबतीचा अशी दोन मोठी माणसं, १३० किलो. बेरीज केलीत? हातात २१० किलो शिल्लक राहतात. त्यात इंजिन आलं, पेट्रोलची टाकी आली आणि वाऱ्यालाटेसाठी राखून ठेवायचा भारही आला.

आणि इथेच वाडीत वादाला तोंड फुटलं.

मुंबईहून आलेला एक तरुण म्हणाला, “घ्यायचंच तर पंचवीस घोड्यांचं घेऊ. पोरं पाच मिनिटांत पार. शिवाय सुट्टीत वासोट्याला जाणारे पाहुणे नेता येतील, चार पैसे सुटतील.” त्याचं बोलणं काही चुकीचं नव्हतं. वाडीला पैशाची गरज आहेच. वासोटा किल्ला बघायला लांबलांबून माणसं येतात आणि बामणोलीहून लाँचने जातात. पण वाडीतले जुने होडीवाले नाना एका कोपऱ्यात बिडी विझवत बसले होते. ते म्हणाले, “बाई, घोडं किती हाय ते नगा बघू. ओझं किती आन् वारा कुठला, ते बघा.”

नानांचं म्हणणं नीट समजायचं तर हे इंजिन असतं कसं ते आधी पाहू. मोठ्या लाँचचं इंजिन पोटात असतं. तराफ्याला पोटच नाही, मग इंजिन ठेवणार कुठे? म्हणून ते मागच्या फळीला बाहेरून अडकवतात. त्याला ‘आउटबोर्ड’ इंजिन म्हणतात. वर डोकं, खाली लांब पाय, आणि पायाच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. दांडा डावी-उजवीकडे वळवला की अख्खं इंजिनच वळतं, त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. हे इंजिन लोकप्रिय केलं ते ओल एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेच्या, पण अमेरिकेत वाढलेल्या माणसाने. गोष्ट अशी सांगतात की तळ्याकाठी सहलीला गेले असताना त्याच्या मैत्रिणीला आईस्क्रीम हवं झालं. बिचारा भर उन्हात वल्ही मारत पलीकडे गेला आणि येईपर्यंत आईस्क्रीमचं पाणी झालं! १९०९ साली त्याने आपलं इंजिन विकायला काढलं. त्यात दीड घोड्याची ताकद होती आणि वजन होतं २८ किलो. ती मैत्रीण, बेस, पुढे त्याची बायको झाली आणि धंद्याचा हिशोब नि जाहिराती तीच सांभाळायची.

‘घोडा’ म्हणजे अश्वशक्ती, ७४६ वॅट. तुमच्या घरातला छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असेल, तर असे दहा पंखे म्हणजे एक घोडा!

आता पंचवीस घोडे लावले तर तराफा दहा घोड्यांच्या अडीचपट वेगाने पळेल का? वाटतं तसं. पण पाणी मोठं हट्टी असतं. तुम्ही हळू चाललात तर ते वाट देतं, धावायला गेलात की छातीवर येतं. वेग दुप्पट केला तर पाण्याचा अडथळा चौपट होतो, आणि तो रेटायला ताकद लागते आठपट. पिंपांचा तराफा तर पुढून बोथट. तो लाट फोडत नाही, ढकलतो. हिशोब केला तर अडीचपट घोडे लावूनही वेग सव्वापटीच्या थोडा पुढे, जेमतेम १.३६ पट होतो. दहा घोड्यांनी एक किलोमीटर जायला दहा मिनिटं लागत असतील, तर पंचवीस घोड्यांनी साडेसात. वाचली अडीच मिनिटं. आणि पेट्रोल? दहा घोड्यांचं इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण चार लिटर पितं. म्हणजे दिवसातल्या चार फेऱ्यांना पावणेतीन लिटर. पंचवीसचं इंजिन त्याच चार फेऱ्यांना पाच लिटर घेणार. रोज सव्वादोन लिटर जास्त, वर्षभर! शिवाय ते वजनाला वीसेक किलो जास्त भरणार आणि ते सगळं वजन मागच्या टोकाला. मागची पिंपं दबली की पुढची उचलली जातात.

मुंबईच्या त्या तरुणाने वहीवर हे सगळं स्वतः मांडून पाहिलं. मग म्हणाला, “पाच घोड्यांचं घेऊ मग, अजून स्वस्त.” तो रागावून बोलला, पण प्रश्न खरा होता. उत्तर वहीत नव्हतं. त्यासाठी पाण्यावर जावं लागलं.

तापोळ्याच्या एका बोटवाल्याने आपलं दहा घोड्यांचं इंजिन एका दिवसापुरतं वापरायला दिलं. मुलं अर्थातच बसवायची नव्हती. आम्ही पोत्यांत वाळू भरली, एका मुलाला एक पोतं, ३० किलोचं. मुलांनी काठावर पोत्यांना आपापली नावं देऊन टाकली! एप्रिल महिना होता. या दिवसांत दुपारनंतर दरीतून वारा सुटतो आणि छपराचा तराफा म्हणजे वाऱ्याला जणू शीडच मिळतं. नानांनी मुद्दाम तीच वेळ निवडली. शाळा सुटण्याची वेळही तीच, नाही का?

निघाले. इंजिन घुमायला लागलं, पण आवाज कसा दमल्यासारखा, खोल. तराफा इंचाइंचाने सरकत होता. बोटवाला म्हणाला, “हा पंखा माझ्या हलक्या बोटीचा आहे, अकरा इंची.” पंख्याचा हा इंचांचा आकडा म्हणजे स्क्रूच्या आट्यासारखा प्रकार. एक फेरा झाला की पंखा पाण्यात किती पुढे जाऊ पाहतो, ते. अकरा इंची म्हणजे मोठी ढांग. मोठी ढांग टाकणाऱ्याच्या पाठीवर पोतं दिलं तर काय होईल? तेच झालं. मग त्याने दुसरा, आठ इंची पंखा लावला. ढांग लहान, पण इंजिनाला मोकळेपणी फिरता येतं. मेढ्याचा घाट चढताना एस.टी.चा ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो ना, अगदी तसं! त्याच वाऱ्यात, त्याच पोत्यांसकट, आधी जिथे चौदा मिनिटं लागली तिथे दहा लागली. इंजिन तेच, घोडे तेच. पाच घोड्यांच्या इंजिनाने असल्या वाऱ्यात तराफा जागच्या जागी डुलत बसला असता, हे त्या तरुणानेच नानांना सांगितलं. बोटवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ओझ्यासाठी म्हणून वेगळी इंजिनं मिळतात. साध्या इंजिनात दोन फेरे झाले की पंख्याचा एक फेरा होतो. यांच्यात जवळजवळ तीन फेऱ्यांना एक. पंखा सावकाश फिरतो, पण मोठा असतो आणि भरपूर पाणी मागे लोटतो. दहा घोड्यांचं, असंच घ्यायचं, हे त्या संध्याकाळी काठावरच ठरलं.

मग पायाच्या लांबीचा प्रश्न आला. एकाच ताकदीची इंजिनं १५ इंची पायाची मिळतात आणि २० इंचीही. पाचवीतल्या दोघांनी फूटपट्टी लावून मोजलं. रिकाम्या तराफ्याची मागची फळी पाण्यापासून १४ इंच वर होती. १५ इंची पाय घेतला तर पंख्यावरची आडवी पट्टी पाण्यात एकच इंच राहणार. लाट आली, मागचा भाग उचलला गेला की पंखा पाण्याऐवजी हवा ओढणार. मग इंजिन नुसतं किंचाळतं आणि तराफा जागचा हलत नाही. पाय २० इंची हवा. पण इतका लांब पाय मे महिन्यात अडचणीचा होतो, कारण धरणाखाली गेलेल्या झाडांची खोडं तेव्हा पाण्याच्या वरवर येतात. म्हणून इंजिन हाताने झटकन वर उचलता आलं पाहिजे. चाळीस-पंचेचाळीस किलोचं इंजिन खिटीवर तिरपं करणं नानांना जमतं. साठ किलोचं जमलं नसतं.

एका गोष्टीवर वाडीतल्या बायकांनी निर्णय दिला. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं हलकी असतात, दुरुस्तीला सोपी असतात आणि त्यांचे जाणकार गावोगाव भेटतात. पण त्यांच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, पाच लिटरला १०० मिलिलिटर. त्यातलं थोडं तेल न जळताच धुराबरोबर पाण्यात जातं. बायका म्हणाल्या, “त्याच पाण्याचा हंडा आमी भरतो.” संपला विषय. फोर-स्ट्रोक इंजिन आलं. बॅटरीवरच्या इंजिनाचीही चौकशी झाली. आवाज नाही, धूर नाही, मला तर फार आवडलं असतं. पण पावसाळ्यात वाडीची वीज कधीकधी दिवसच्या दिवस जाते. जिथली वीज पाण्यातून निघते तिथेच दिव्याची वाट बघायची, काय म्हणावं याला!

इंजिन आलं तरी तराफा लगेच सुरू झाला नाही. बोटीची सरकारी तपासणी आणि नोंदणी झाल्याशिवाय मुलं बसवायची नाहीत, हे आधीच ठरलं होतं, आणि त्याला तीन महिने गेले. आता छपराच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय : ‘मुले १८, मोठी माणसे २’. मोटारसायकल चढवायची नाही. एकदा एकजण चढवायला आला, तेव्हा तिसरीतल्या मुलीने त्याला गणित समजावून सांगितलं. मोटारसायकल काठावरच राहिली.

प्रत्येक मुलाला मापाचं लाईफ जॅकेट आहे. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं, म्हणून ‘मापाचं’ हा शब्द महत्त्वाचा. नानांच्या मनगटाला एक लाल दोरी असते, तिचं दुसरं टोक इंजिनाला. तोल जाऊन नाना पाण्यात पडले तर दोरी सुटते आणि इंजिन आपोआप बंद होतं. वल्ही अजूनही फळीखाली बांधलेली आहेत. आणि मुलांचं सगळ्यात आवडतं काम तर राहिलंच! इंजिन थंड राहण्यासाठी तलावाचं पाणी आत ओढतं आणि मागून एका बारीक धारेने बाहेर टाकतं. धार थांबली तर समजायचं की आत गवत किंवा चिखल अडकला, इंजिन ताबडतोब बंद करायचं. रोज एका मुलाची पाळी असते. इंजिन सुरू झालं की तो मोठ्याने ओरडतो, “नाना, शू चालू हाय!” मगच दोर सुटतो.

तुम्ही कधी कासला आलात तर थोडं पुढे बामणोलीपर्यंत नक्की या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या; पाणी काठोकाठ असतं आणि वारा पडलेला असतो. सकाळी दहाच्या सुमारास पाण्यावरून धुकं उठतं. पलीकडच्या काठाचं रान कोयना अभयारण्याचं, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. नशीब असेल तर पाण्यावर आलेला गवा दिसतो. तराफा दिसायच्या आधी त्याची घरघर ऐकू येते, आणि तिच्या वर अठरा मुलांचा गलका.

जुलै-ऑगस्टात मात्र चित्र वेगळं असतं. धो धो पाऊस, दरीत घोंगावणारा वारा, पाण्याला आलेल्या उंच लाटा. अशा दिवशी नाना इंजिनावरचं झाकणसुद्धा काढत नाहीत. पलीकडच्या काठावर एक आंब्याचं झाड आहे. त्यावर सकाळी लाल कापड बांधलेलं दिसलं की मला वर्गाच्या खिडकीतूनच समजतं, आज अठराजण येणार नाहीत. त्या दिवशी मी नवा धडा घेत नाही. अलीकडची मुलं मागचे पाढे म्हणतात, नाहीतर आम्ही चित्रं काढतो, आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी एकजण खिडकीशी जाऊन कापड उतरलं का ते बघून येतो.